पगारी रजा आणि दूरचा प्रवास



चालकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती, की मी बोनसवर, ठेकेदारी पद्धतीवर किंवा नव्या श्रमसंहितांवर बोलेन. युनियनचा माणूस दुसरे काय बोलणार? मी त्यांना कळविले, की मी सहलीवर बोलेन; उन्हाळ्याच्या सुट्टीत बायकामुलांना घेऊन दूरच्या मुलखात इतिहासाची स्थळे पाहावयास जाणाऱ्या कामगाराविषयी बोलेन. चालकांना जरा नवल वाटले असावे. परंतु त्यांनी होकार दिला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

वसंत व्याख्यानमालेची ही प्रथा न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडली. उन्हाळ्याच्या दिवसांत चार शहाण्या गोष्टी लोकांच्या कानी पडाव्यात, हा तिचा हेतू. मी स्वतः शहाण्यांच्या यादीतला नाही. माझी शाळा आठवीत सुटली. पुढे जे वाचले ते दुसऱ्या पाळीहून परत आल्यावर युनियनच्या कचेरीतल्या बाकावर, नाहीतर वाचनालयात. तेव्हा मी पंडिताच्या भूमिकेतून बोलणार नाही. कामगारांच्या रजेचे अर्ज लिहून देण्यात आणि ते नामंजूर झाले म्हणजे भांडण्यात ज्याची तीसेक वर्षे गेली, अशा माणसाचे हे बोलणे आहे.

आता मे महिना पाहा. आपल्या कॅम्प चारमधल्या चाळींना आणि बराकींना मे महिन्यात निम्म्याअधिक कुलपे दिसतात. कोणी कोकणात गेला, कोणी घाटावर, कोणी खानदेशात. आपण म्हणतो, ‘सुट्टीला गावी गेला.’ परंतु गावी गेलेला कामगार तेथे काय करतो, हे आपण सारे जाणतो. पावसाआधी घराची कौले परतायची असतात, बांधावरचे भाऊबंदकीचे तंटे मिटवायचे असतात, दोन लग्ने आणि एक गोंधळ उरकायचा असतो. कारखान्यातली रजा घेऊन तो गावची पाळी करतो. याला मी नावे ठेवीत नाही. गाव हे आपले मूळ आहे आणि ते धरून ठेवले पाहिजे. पण ही विश्रांती नव्हे, आणि हा प्रवासही नव्हे.

आमच्या या उल्हासनगरात असेही हजारो लोक आहेत, की ज्यांना मे महिन्यात जाण्यासाठी गावच उरले नाही. दुसऱ्या महायुद्धात येथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत जागा मिळाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसून तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. या बंधूंचे गाव सरहद्दीपलीकडे राहिले. आम्ही कुलूप लावून निघतो तेव्हा ते आमच्या कुंड्यांना पाणी घालतात. त्यांच्याविषयी मला पुढे थोडे सांगावयाचे आहे.

घर सोडून दूर जाण्याची आपल्याकडे पूर्वापार दोनच कारणे होती: देव आणि पोट. पंढरीची वारी, काशीची यात्रा हे पहिले कारण. दुसऱ्याचे उदाहरण म्हणजे विष्णुभट गोडसे. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक कर्ज फेडण्यासाठी दक्षिणा मिळवावी म्हणून १८५७ साली उत्तरेकडे निघाला आणि बंडाच्या वणव्यात सापडला. ग्वाल्हेर, झांशी त्याने पाहिली ती जीव मुठीत धरून. त्याने लिहिलेला ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. त्याने पाहिलेली ती स्थळे पुढे सहलीची ठिकाणे झाली. केवळ पाहण्यासाठी आणि समजून घेण्यासाठी घरच्या साऱ्या माणसांनी मिळून दूर जावे, ही गोष्ट आपल्याकडे नवी आहे. राजेरजवाडे आणि साहेबलोक सोडले, तर ती कोणाला शक्यच नव्हती. कारण तिला पैशाआधी आणखी एक वस्तू लागते. ती म्हणजे मोकळे दिवस, आणि त्या दिवसांचा पगार.

हे मोकळे दिवस आपणांस कोणी सहजासहजी दिले नाहीत. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याची सुट्टीही नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली, सभा भरविल्या, अर्जांवर हजारो सह्या घेतल्या, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पण तो एक दिवस. त्यात माणूस कपडे धुतो, केस कापतो आणि झोपतो. सलग पगारी रजा ही पुढची पायरी.

ती पायरी जगभर १९३६ च्या सुमारास चढली गेली. फ्रान्समध्ये त्या वर्षी मे आणि जून महिन्यांत लाखो कामगारांनी कारखान्यांत ठाण मांडून संप केला, आणि जूनमध्ये दोन आठवड्यांच्या पगारी रजेचा कायदा झाला. तेथील एक मंत्री लिओ लाग्रांज यांनी या रजेवर जाणाऱ्यांसाठी रेल्वेच्या तिकिटात चाळीस टक्के सूट मिळविली. त्या उन्हाळ्यात अनेक कामगारांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. त्याच वर्षी जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने पगारी सुट्टीचा ठराव संमत केला. त्यात वर्षाला किमान सहा दिवस धरले होते. आपल्याकडे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री असताना, १९४५ साली, कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन बारमाही कारखान्यांतल्या कामगाराला वर्षाकाठी दहा दिवसांची पगारी सुट्टी मिळाली. पुढे १९४८ चा कारखाने कायदा आला. तो १ एप्रिल १९४९ पासून लागू झाला. म्हणजे तो कायदा आणि आपले उल्हासनगर एकाच वर्षाची अपत्ये आहेत! १९५४ च्या दुरुस्तीने त्यात असे ठरले, की वर्षात २४० दिवस काम भरले म्हणजे पुढल्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळावी. नव्या श्रमसंहितेत ही अट १८० दिवसांवर आली. ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली. नव्या संहितांतील इतर कलमांबद्दल माझे भांडण आहे, पण ते आजच्या विषयात आणीत नाही.

आता हिशेब करू. २४० दिवसांना वीसने भागले की बारा दिवस येतात. त्यांतून एक भावाच्या लग्नाचा, दोन आईच्या आजारपणाचे, एक शाळेच्या प्रवेशाचा असे दिवस गेले, की आठ उरतात. आठ दिवसांत दूरचा प्रवास होतो. म्हणजे कायद्याने दार उघडले आहे. पण आत जातो कोण?

येथे तीन अडचणी आहेत. पहिली अशी, की रजा शिल्लक असते पण ती केव्हा मिळेल हे ठाऊक नसते. रेल्वेचे आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी करता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांची झाली. मे महिन्यातल्या गाड्या आरक्षण उघडताच भरतात. इकडे रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा असा १९४८ च्या कायद्याचा दंडक होता, आणि मंजुरी मिळते ती पुष्कळदा निघण्याच्या आदल्या आठवड्यात. अशा माणसाने तिकीट काढावे तरी कसे? रजा मंजूर होते तेव्हा गाडीत जागा नसते. वर्षानुवर्षे रजा साठते, तिचे पैसे होतात, पैसे घरखर्चात जातात, आणि मुले मोठी होतात.

दुसरी अडचण आपल्या घराघरांत आहे. आपल्या या कॅम्प चार आणि पाचमध्ये जीन्सच्या पँटी शिवणारे किती कारागीर आहेत ते आपण पाहतोच. ते पीसवर काम करतात. जितके नग तितके पैसे. ज्या दिवशी मशीन बंद, त्या दिवशी चूल बंद. कायद्यातली बारा दिवसांची रजा त्याला कोण देणार? आज या मालकाकडे, उद्या त्या. धुणीभांडी करणाऱ्या बायका, नाक्यावर उभे राहणारे मजूर, ठेकेदाराची माणसे, या सर्वांची हीच कथा.

तिसरी अडचण माझ्या पत्नीने मला दाखविली. ती म्हणाली, “तुमची रजा मंजूर झाली, माझी कोण करणार?” प्रवासात जाऊनही स्टोव्ह, पोळपाट आणि पिठाचा डबा बरोबर घ्यायचा असेल, तर गृहिणीला तो प्रवास म्हणजे दुसऱ्या गावातले स्वयंपाकघर. या प्रश्नाला कायद्यात उत्तर नाही. ते घरातच शोधले पाहिजे.

२००८ च्या मे महिन्यात आमच्या आळीतल्या आठ कुटुंबांनी मिळून जो प्रवास केला, त्याची हकीगत सांगितली म्हणजे माझे म्हणणे स्पष्ट होईल. पैसे आम्ही भिशीतून उभे केले. दर कुटुंबाने महिना अडीचशे रुपये, वीस महिने. जेवण बाहेर भोजनालयात घ्यावयाचे, बायकांनी पदर खोचावयाचा नाही, असा ठराव पहिल्याच बैठकीत झाला. तो माझ्या पत्नीने मांडला आणि सर्व भगिनींनी एकमताने संमत केला. ठिकाण ठरविताना बराच वाद झाला. कोणी ताजमहाल म्हणाले, कोणी शिर्डी. शेवटी आम्ही भोपाळ, सांची आणि विदिशा हा भाग निवडला. कल्याणहून भोपाळ साडेसातशे किलोमीटरहून दूर. पण कल्याण जंक्शन हे आपले भाग्य आहे. तेथे रात्री गाडीत बसले की भुसावळ, खंडवा, इटारसी करीत दुसऱ्या दिवशी माणूस माळव्यात उतरतो.

आठ कुटुंबांतला एकजण मात्र गाडीत बसला नाही. महिनाभर आधी मंजूर झालेली त्याची रजा कारखान्याने दोन दिवस आधी रद्द केली. निमित्त तातडीच्या मालाचे. तिकिटे काढलेली, मुलांनी शाळेतल्या सोबत्यांना सांगून ठेवलेले. त्याने बायकोमुलांना आमच्याबरोबर पाठविले, कल्याण स्थानकावर सामान चढवून दिले, आणि तिथूनच तो रात्रपाळीला गेला. मी पुष्कळ संप पाहिले आहेत, टाळेबंदी पाहिली आहे. पण हातात रिकामी पिशवी घेऊन फलाटावर उभा असलेला तो माणूस आठवला की मला आजही राग येतो. रजा म्हणजे मालकाची मेहेरबानी आहे असे ज्याला वाटते, त्याने तो फलाट पाहायला हवा होता.

आता आम्ही काय पाहिले ते सांगतो. सांचीचा मोठा स्तूप मुळात सम्राट अशोकाच्या काळचा, म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. त्याची कोरीव तोरणे सातवाहनांच्या काळची. सातवाहन म्हणजे आपल्या पैठणचे राजे. दक्षिणेच्या तोरणावर एक लेख आहे. त्यात म्हटले आहे, की राजा सातकर्णीच्या कारागिरांचा मुख्य जो वासिष्ठीपुत्र आनंद, त्याचे हे दान. आपल्या भाषेत सांगावयाचे तर कारागिरांच्या मिस्त्रीने दान दिले आणि दगडावर आपले नाव कोरून ठेवले. त्याच तोरणाच्या खांबावर दुसरा लेख आहे, की हे कोरीव काम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केले. त्यात एका माणसाचे नाव नाही. साऱ्या धंद्याचे नाव आहे. आमच्या वाटाड्याने हे वाचून दाखविले तेव्हा आमच्यातला एक सुतार त्या खांबाजवळ बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “बरोबर आहे. हे दगडाचे काम नाहीच, हे बारीक पटाशीचे काम आहे.” हस्तिदंतावर चालणारा हात दगडावर चालला, हे त्याला पुस्तकाशिवाय दिसले. हा त्याचा मान मी कधी कोणत्या सभेत झालेला पाहिला नव्हता.

भोपाळपासून तीसेक किलोमीटरवर, बेतवेच्या काठी, भोजपूरचे शिवमंदिर आहे. भोजराजाच्या काळचे, अकराव्या शतकातले. ते पुरे झालेच नाही. आणि पुरे झाले नाही म्हणूनच कामगाराने ते अवश्य पाहावे. अवजड दगड वर चढविण्यासाठी रचलेली उतरती धक्केवजा वाट मंदिरामागे अजून आहे. आसपासच्या खडकांवर मंदिराच्या भागांचे आराखडे रेषांनी कोरलेले आहेत. दगडांवर पाथरवटांच्या खुणा आहेत. जणू दुपारची सुट्टी झाली आहे आणि माणसे आता परत कामावर येतील. माझ्या मुलाने विचारले, “बाबा, यांना काम बंद झाल्यावर पगार मिळाला असेल का?” त्याचे उत्तर खडकावर लिहिलेले नव्हते. पण प्रश्न योग्य होता, आणि तो घरी बसून सुचला नसता.

तेथून आम्ही गंज बासोद्याच्या बाजूला उदयपूर नावाच्या खेड्यात गेलो. तेथे उदयादित्य परमाराने अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेले मंदिर उभे आहे. त्याचे शिखर शाबूत आहे. चारी बाजूंना मध्यभागी वरपर्यंत गेलेला एकेक पट्टा, आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरे मण्यांच्या माळेसारखी एकावर एक रचलेली. या घडणीला ‘भूमिज’ म्हणतात. ती माळव्यात वाढली, आणि आपल्या सिन्नरचे गोंदेश्वर त्याच घडणीचे आहे. आमच्या आळीतल्या एका आजीबाईंनी ते शिखर पाहून म्हटले, “अहो, हे तर आपले अंबरनाथ!” आजीबाई बरोबर होत्या. अंबरनाथचे शिवमंदिर त्याच जातीचे. त्यावरच्या लेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हे वर्ष आहे आणि शिलाहार राजा मुम्मुणीचे नाव आहे. त्याचे शिखर आज पूर्ण उभे नाही, गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जावे लागते. आम्ही श्रावणी सोमवारी आणि महाशिवरात्रीला तेथे रांगेत उभे राहतो, वालधुनीच्या काठाने परत येतो. पण आपल्या दारातले मंदिर पूर्ण असताना कसे दिसले असेल, याची कल्पना आम्हांला इतक्या दूर गेल्यावर आली. आणि हेही कळले, की कोकणातला राजा वेगळा, माळव्यातला राजा वेगळा, त्यांची राज्ये वेगळी. परंतु घडण एकच. राजांच्या सीमा ओलांडून कारागिराची विद्या हिंडत होती. दूरच्या प्रवासाचा हा मोठा लाभ आहे: माणूस परका मुलूख पाहावयास जातो आणि आपले घर त्याला नीट दिसू लागते.

आता मघाशी म्हटलेली गोष्ट. आमच्याबरोबर शेजारचे एक वृद्ध सिंधी गृहस्थ होते. आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू. लाडकाण्याकडून ते अकराव्या वर्षी येथे आले. सांचीच्या स्तूपाला प्रदक्षिणा घालून झाल्यावर ते सावलीत बसले आणि आम्हांला सांगू लागले, की आमच्या जिल्ह्यातही असाच एक स्तूप आहे, विटांचा, टेकाडाच्या माथ्यावर. वडिलांचे बोट धरून मी तो पाहिला आहे. ते मोहेंजोदडोविषयी बोलत होते. त्या टेकाडावरच्या बौद्ध स्तूपामुळेच राखालदास बॅनर्जी यांचे लक्ष तिकडे गेले आणि १९२२ साली खणताना खाली त्याहून कितीतरी जुने नगर लागले. आपल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकात पहिल्या पानांवर जे शहर आहे, ते आमच्या शेजाऱ्याचे गाव! आणि नातवंडांना ते दाखविणे त्यांच्या हाती उरले नव्हते. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलाने साऱ्या घराला गुजरातेत लोथलला नेले. तेथे १९५५ पासून उत्खनन होऊन त्याच संस्कृतीचे गाव सापडले आहे. दादांनी तिथली वीट पाहिली आणि नातवाला म्हणाले, “अशीच.” एवढे एकच. पण त्या एका शब्दाने त्या मुलाला आपले मूळ कोठे आहे ते कळले. ऐतिहासिक स्थळे पाहणे ही चैन आहे असे म्हणणाऱ्याने या गृहस्थाला ते सांगून पाहावे.

तरीही कोणी म्हणेल, दगड पाहून पोट भरते का? नाही भरत. पुष्कळजण असेही म्हणतील, की आता फोनवर सारे दिसते, जावे कशाला? मी त्यांना एवढेच सांगतो, की फोनवर दिसते ते दुसऱ्याने निवडलेले. आमच्या सुताराला पटाशीची खूण दिसली ती त्याने स्वतः खांबाभोवती फिरून पाहिले म्हणून. दुसरे असे, की ज्या घरातली माणसे पाळ्यांमुळे आठवडाभर एका ताटावर बसत नाहीत, ती सहा दिवस चोवीस तास एकत्र राहिली. मुलांना बाप झोपलेला नव्हे, तर जागा दिसला. ही काही लहान मिळकत नव्हे.

जाणाऱ्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो. पाच दिवसांत दहा ठिकाणे करू नका. दोनच करा आणि प्रत्येक ठिकाणी दोनदा जा. मे महिन्यात माळव्याचे ऊन जीवघेणे असते, म्हणून सकाळी लवकर पाहा, दुपारी सावलीत राहा, म्हाताऱ्यांना आणि लेकरांना पाणी विचारीत राहा. जाण्यापूर्वी मुलांना त्या स्थळाची माहिती वाचून दाखवा आणि प्रत्येकाने तीन प्रश्न वहीत लिहून न्यावेत असे करा. राजाचे नाव विचारा, पण तेवढ्यावर थांबू नका. दगड कोठून आणला, कोणी वाहिला, त्यांना धान्य कोणी पुरविले, हेही विचारा. आणि जुन्या भिंतीवर आपले नाव कोरू नका. तेथे नाव कोरण्याचा हक्क ज्याने काम केले त्याचा होता.

आणि ज्यांना जाताच येत नाही त्यांचे काय? इथे मला पुन्हा एक जुना लेख आठवतो, आणि तो आपल्या वाटेवरच आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत उषवदाताचा लेख आहे, सुमारे १,९०० वर्षांपूर्वीचा. त्याने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमचे ठेवले. २,००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १,००० दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल हलवायचे नाही, व्याजातून वस्त्रे द्यायची. राजाच्या जावयाने आपला पैसा विणकरांच्या संघटनेवर विश्वासून ठेवला! हातावर पोट असलेल्यांची संघटना पैसा सांभाळू शकते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवू शकते, हे आपल्या देशात इतके जुने आहे.

त्याचेच आजचे रूप महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्यात दाखविले आहे. माथाडीला एक मालक नसतो. आज या गाळ्यावर, उद्या त्या. तरीही मालकांकडून मजुरीवर ठराविक लेव्ही घेऊन मंडळ ती जमा करते, आणि त्यातून माथाडीला भविष्यनिर्वाह निधी, बोनस आणि पगारी रजा मिळते. मग जीन्स शिवणाऱ्याला ती का मिळू नये? नगामागे काही पैसे मंडळात जमा झाले, तर वर्षाकाठी त्याचेही आठ-दहा दिवस पगारी होतील. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्राने २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा केला. त्यात पगारी रजेची तरतूद व्हावी, अशी मागणी आपण का करू नये?

म्हणून मी आज तीन मागण्या आपणांपुढे ठेवतो आणि त्यांना आपला पाठिंबा मागतो. पहिली: प्रत्येक कारखान्याने मे महिन्याच्या रजेचा तक्ता पंचाहत्तर दिवस आधी फलकावर लावावा, म्हणजे रेल्वेचे आरक्षण उघडेल त्या दिवशी कामगार तिकीट काढू शकेल. एकदा लागलेली रजा रद्द करावयाची असेल, तर तिकिटांचा आणि मुक्कामाचा खर्च मालकाने भरावा. आमच्या प्रवासानंतर दोन कारखान्यांत आम्ही तक्त्याची ही मागणी करारात घालून घेतली, आणि त्याने उत्पादन बुडालेले नाही. दुसरी: पीसवर काम करणाऱ्यांसाठी माथाडीच्या धर्तीवर रजेचा निधी. तिसरी मागणी मालकांकडे नाही, आपल्याच मंडळींकडे आहे: प्रत्येक आळीने एक भिशी प्रवासाची ठेवावी, तिच्यात मराठी आणि सिंधी दोन्ही घरे असावीत, आणि त्या वर्षी जे जाऊ शकत नाहीत त्यांच्या मुलांपैकी दोघांना तरी बरोबर न्यावे.

सुरुवात लांबून करण्याची गरज नाही. येत्या रविवारी सकाळी विठ्ठलवाडीहून लोकल पकडा, दोन स्थानकांवर अंबरनाथ आहे. मुलांना घेऊन जा. देवाला नमस्कार करा, आणि मग बाहेर येऊन त्या भिंतीभोवती सावकाश एक फेरी मारा. एकेक दगड कोणीतरी बसविला आहे हे ध्यानात ठेवून पाहा. उरलेला प्रवास मुलेच मागतील, आणि त्यांच्यासाठी रजा मागणे आपणांस भाग पडेल. तो अर्ज लिहून देण्यास युनियनची कचेरी रोज संध्याकाळी उघडी असते.